काचेसकट दोन लाख चाळीस

महाडात जुनी गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी किंमत विचारत नाही. किती वर्षांची, किती चालली, टायर कसे आहेत, हेही नाही. फोन उचलला की पलीकडून एकच प्रश्न, "पाण्यात गेली होती का?" माणूस पुण्याचा असो, माणगावचा असो, नाहीतर आमच्याच गल्लीच्या टोकाचा असो. महाडची गाडी म्हणजे तिला एकदा तरी पुराने आंघोळ घातलेली असणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. सुरुवातीला मी नीट उत्तरं दिली. नाही हो, पाण्यात नव्हती, पुराच्या वेळी वर डोंगरात होती. पुढेपुढे माझा आवाज चढायला लागला. आमचे हे आतल्या खोलीतून म्हणाले, "अगं, तू गाडी विकतेयस की भांडण?" मी म्हटलं, "दोन्ही. ज्याला जे परवडेल ते त्याने न्यावं."

मी शिक्षिका होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि नोकरीची बहुतेक वर्षं पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेवरच्या वाड्यांमध्ये. घर महाडात, शाळा डोंगरात. एसटी मनात येईल तेव्हा यायची आणि फाट्यावर सोडून द्यायची, पुढे पायी चढण. मग एके वर्षी कर्ज काढून छोटी पांढरी गाडी घेतली. आमच्या वस्तीत बाईने गाडी चालवणं तेव्हा तमाशासारखं बघायचे लोक. बघा म्हटलं, तिकीट नाही. तीच गाडी मी निवृत्त होईपर्यंत चालवली. घाटात पहिला गिअर, दुसरा गिअर, परत पहिला, आणि दर वेळी डावा पाय क्लचवर. दहाएक वर्षांत त्या क्लचने माझा डावा गुडघा खाल्ला. डॉक्टर म्हणाले, वाटी बदलावी लागेल. फंडाचे पैसे पुरानंतर घर उभं करण्यात आणि वर मजला चढवण्यात गेले होते. थोडे बाजूला होते, उरलेले गाडीतून उभे करायचे असं मी ठरवलं. जिने गुडघा घेतला तिनेच गुडघा द्यावा, यात काय चूक आहे? तशीही मी आता ती चालवू शकत नव्हते.

गाडीच्या मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जयभीम' होतं. पूर्ण काचभर. ते का होतं, हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

पहिल्यांदा मी ज्या वाडीत रुजू झाले, तिचं नाव सांगत नाही, कारण आता तिथे माझी माणसं आहेत. तिथे पहिल्याच दिवशी विचारणा झाली. "बाई कुठल्या?" महाडच्या. "महाडात कुठं?" मी गल्ली सांगितली. "म्हंजे तळ्याच्या अंगाला की पलीकडं?" असं गोल गोल फिरत जायचं, आणि आडनावापाशी येऊन बसायचं. मग सगळे गप्प. शाळेशेजारी एक घर होतं. तिथली आई मायाळू, चहा घेतल्याशिवाय सोडायची नाही. पण माझा चहा एका वेगळ्या कपात यायचा. त्याचा कान तुटलेला होता, आणि चहा झाला की मी तो स्वतः विसळून पडवीच्या वळचणीला ठेवून द्यायचा, अशी अपेक्षा. कोणी तोंडाने बोललं नाही. कप फक्त तिथे असायचा. मी त्यातून एकदाही चहा प्यायले नाही. "मला पित्त आहे" असलं बुळबुळीत कारणही दिलं नाही. कपाकडे बघायचे, त्या माउलीकडे बघायचे, आणि म्हणायचे, "नको." एवढं तिला पुरे होतं. तिचा मोठा मुलगा तेव्हा पंधरा-सोळाचा, पडवीत बसून सगळं बघत असायचा.

तर गाडी घेतली त्या दिवशी शोरूममधून थेट रेडियमच्या दुकानात गेले आणि ती अक्षरं लावून घेतली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कोपऱ्यात छान दिसेल, छोटंसं." मी म्हटलं, "छोटं नको. लांबून वाचता आलं पाहिजे. लोकांचा विचारायचा त्रास वाचला पाहिजे." आणि वाचलाच. त्यानंतर डोंगरात कोणी मला 'महाडात कुठं' असं विचारलं नाही. पुढे फिरून माझी बदली पुन्हा त्याच वाडीत झाली, तेव्हा वळचणीला कप नव्हता. केव्हा गेला, कोणी काढला, मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

आता किमतीचं. मी वर्गात तीस वर्षं गणित शिकवलंय, तेव्हा अंदाजपंचे आकडा सांगणं माझ्या स्वभावात नाही. हायवेवर जुन्या गाड्यांचा एजंट आहे, तो म्हणाला एक नव्वद. तो ती गाडी पुढे कितीला विकणार, हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. मोबाईलवर बघितलं तर तसल्याच गाडीला लोक तीन-तीन लाख मागत होते. मागायला काय जातंय! माझ्या एका सहकारी बाईंनी मात्र अशीच गाडी, याच वर्षाची, दोन पंचावन्नला खरोखर विकली होती. मी तो आकडा धरला. त्यातून माझ्या गाडीचं वजा केलं. डाव्या दाराला शाळेचं फाटक लागून आलेला डेंट. क्लच प्लेट वर्षभरात बदलावी लागेल. मागचे दोन टायर झिजलेत. माझ्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडून एकेकाचा खर्च विचारून घेतला आणि आकडा आला दोन लाख चाळीस. गुडघ्याला किती लागतात, तो हिशोब मी त्यात मिसळला नाही. माझा गुडघा ही गिऱ्हाईकाची चूक नाही. आणि फोनवर सगळं आधीच सांगत होते, डेंट आहे, क्लच आहे, टायर आहेत. म्हणजे माझी किंमत दोन्ही बाजूंनी सरळ होती. त्यापेक्षा एक रुपया जास्त कोणाकडून घ्यायचा नव्हता आणि एक रुपया कमीत कोणाला द्यायची नव्हती.

आणि मग मी एक मूर्खपणा केला. गाडी साफ करून घेतली.

दुसऱ्या कुठल्या गावात याला कोणी मूर्खपणा म्हणणार नाही. पाहुणे यायचे म्हणून घर झाडतो, तशी मी गाडी झाडली. सीट शाम्पूने धुऊन घेतल्या, मॅट नवीन टाकल्या, इंजिनवर पॉलिश मारलं, लिंबाच्या वासाची बाटली डॅशबोर्डवर चिकटवली. माणगावहून एक जोडपं बघायला आलं. त्याने दार उघडलं आणि आत डोकं घालून लांब श्वास घेतला. मग सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला आणि त्याचं टोक बघत बसला, चिखलाची रेघ दिसते का म्हणून. त्याच्या बायकोने मॅट उचलली. "या नवीन कशाला टाकल्या?" मी म्हटलं, "जुन्या फाटल्या होत्या म्हणून." ती नवऱ्याकडे बघून बारीक हसली. तो म्हणाला, "मॅडम, राग मानू नका, पण पाण्यात न गेलेली गाडी कोणी एवढी धुतं का? आणि तीही महाडात?" आणि दीड लाख बोलला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "माझं घर पाण्यात गेलं. फ्रिज गेला, कपाटं गेली, लग्नातले फोटो गेले, ते मी कोणापासून लपवत नाही. गाडी नव्हती गेली, तर ती गेली असं कबूल करू का, तुमच्या समाधानासाठी?" चहाचं आधण ठेवलेलं होतं. मी गॅस बंद केला. त्यांना चहासुद्धा दिला नाही. ते गेल्यावर ह्यांनी हळूच विचारलं, "आपला तरी करतेस का?"

खरं तर मोठ्या पुराच्या आदल्या दिवशी मी शाळेच्या कामाला वर गेले होते आणि पावसाने अडकले. रस्ता खचला, गाडी किती तरी दिवस वाडीतच उभी. राहिले त्याच कान तुटक्या कपाच्या घरी. पण तेव्हा आत, चुलीपाशी, त्यांच्याच ताटात जेवत होते. वाऱ्याने त्यांच्या घराची कौलं उडाली तेव्हा कोरडी जागा म्हणून त्यांची नाचणीची पोती आम्ही माझ्या गाडीत भरली. कोंबड्या बॉनेटवर बसायच्या. खाली महाडात आमच्या घरात छातीभर पाणी होतं, आणि वर माझ्या गाडीत नाचणी कोरडी ठणठणीत. हे सगळं मी गिऱ्हाइकांना सांगायचे. कोणाला पटायचं नाही. एक तर म्हणाला, "म्हणजे दरडीखाली होती का?"

शेवटी शेजारच्या पोराला चालवायला बसवून गाडी हायवेवरच्या एजंटकडे नेली. म्हटलं, तुम्हीच गिऱ्हाईक आणा, तुमचं कमिशन घ्या, पण आकडा माझा. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागे येऊन थांबला.

"मॅडम, एक बोलू का? राग नका मानू."

"मानायचा की नाही ते ऐकून ठरवते."

त्याने काचेकडे बोट केलं. बोट केलं म्हणजे हनुवटी उचलली, बोट करायलाही त्याला जड झालं. "तेवढं काढलंत तर वीस हजार मोकळे होतील."

"मोकळे होतील म्हणजे? आत्ता कुठे बांधलेत?"

"माझं नाही हो काही. माझे किती तरी मित्र तुमच्यातले आहेत. पण गिऱ्हाईक असतं ना."

"हे गिऱ्हाईक राहतं कुठे? मला पत्ता द्या, मी जाऊन बोलते. डेंटचे पैसे मी कापले, क्लचचे कापले, टायरचे कापले. ह्या अक्षरांनी काय होतं? इंजिन तापतं? अॅव्हरेज पडतं? ब्रेक कमी लागतो?"

तो हसला. असल्या माणसांचं हसणं मला माहीत आहे, पुढचं वाक्य सापडेपर्यंतचं. "तुम्ही आपलं घरीच काढून आणा. ब्लेडने निघतं."

त्याच्या टेबलावरच ब्लेड होतं, पाकिटं फोडायचं. मी ते उचलून त्याच्यासमोर धरलं. "घ्या. तुम्हीच काढा. माझी परवानगी आहे."

त्याने दोन्ही हात मागे घेतले. "मी? नको नको. कोणी बघितलं, फोटो काढला, तर उद्या दुकानावर मोर्चा यायचा. मी कशाला हात लावू?"

मला हसायला आलं आणि रडायलाही आलं, आणि दोन्ही तिथे करायचं नव्हतं म्हणून मी गाडीत बसून घरी आले.

घरी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणतात, "रेडियमच तर आहे ते. माणूस काचेवर नसतो, मनात असतो. काढून टाक. ऑपरेशनची तारीख लागलीय, तुझा हट्ट त्या गुडघ्यापेक्षा मोठा आहे का?" आमचे हे आयुष्यभर 'जाऊ दे' म्हणत आले. कारखान्यात पाळी बदलली, जाऊ दे. बढती दुसऱ्याला दिली, जाऊ दे. मी म्हटलं, "गुडघ्यावर चालायचंय मला अजून वीस वर्षं. पण हे काढून दिलं तर त्या पायांवर उभी कशी राहू, ते सांगा." ते दुसऱ्या दिवशी मला न सांगता रेडियमवाल्याकडे विचारायला गेले. तोंड पाडून परत आले. तो म्हणे, "काका, लावायला कधीही या. काढायला मला सांगू नका." मी म्हटलं, "मग तुम्हीच काढा की. घरात ब्लेड आहे, गाडी दारात आहे, मी डोळे मिटून बसते." हे खरंच खाली गेले. खिडकीतून बघते तर गाडीमागे उभे. बराच वेळ उभे राहिले. मग खिशातून रुमाल काढला, काच स्वच्छ पुसली आणि वर आले. "मला नाही जमणार गं," म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी मला ते फार आवडले.

त्यानंतर तो आला. वाडीतला, त्या घरातला मोठा मुलगा. आता चाळिशी उलटलेली. मुंबईत टॅक्सी चालवून, कंटाळून परत आलेला, आणि आता वीर स्टेशन ते पोलादपूर, पोलादपूर ते वर डोंगरात अशी भाडी मारायला गाडी शोधत होता. त्याने पट्टा ओढला नाही, वास घेतला नाही. सरळ डिकी उघडली, मॅट बाजूला केली, स्टेपनी उचलली आणि खालच्या खड्ड्यात हात घातला. मूठ बाहेर काढली, तर त्यात नाचणीचे दाणे. धुणाऱ्यांनी सगळी गाडी चाटूनपुसून काढली होती, पण स्टेपनीखाली कोण बघतंय!

"ही आमचीच नाचणी, बाई," तो म्हणाला. "येक पोता फाटला व्हता. ही गाडी पाण्यात नव्हती, ता मी सांगतो ना. कोणाला सांगायचा तर सांगा, माझा नाव घ्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस माझ्या शब्दाला किंमत नव्हती, ती मूठभर नाचणीला आली. मग आम्ही कचाकचा भांडलो. तो टॅक्सीवाला, मी गणिताची बाई. त्याने क्लच दाबून बघितला, म्हणाला वर्ष निघणार नाही. मी म्हटलं, कापलेत ते पैसे. टायर म्हणाला, तेही कापलेत म्हटलं. डेंटला त्याने हातच लावला नाही, म्हणाला, "ह्यो मला ठाव हाय, फाटक आमच्याच बाजूचा." शेवटी म्हणाला, "भाव बरोबर हाय, बाई. तुमी खोटा नाय बोलनार." विसाराचे पाच हजार काढून टेबलावर ठेवले. ह्यांनी पेढा आणायला पिशवी घेतली.

मग तो उठता उठता म्हणाला, "बाई, येक बोलू? मागच्या काचेवरचा तेवढा काढून द्याल ना?"

ह्यांच्या हातातली पिशवी तशीच राहिली. मी विचारलं, "का रे?"

"तसा कायच नाय. लग्नाची भाडी असतात, गणपतीची असतात. मानसा बघतात."

"काय बघतात?"

तो टेबलावरची विसाराची थप्पी नीट करायला लागला. मी म्हटलं, "हे बघ. गाडी तुझ्या नावावर झाली की काच तुझी. ठेव, काढ, फोड, मी विचारायला येणार नाही. पण मी माझ्या हाताने काढून देणार नाही."

"माज्यान नाय व्हायचा, बाई. खालच्या आळीला तुमच्या लोकांची घरा हायत. रोज तोंड बघायचा. त्यांच्या समोर मी ता खरवडू कसा?"

तेव्हा मात्र माझा बांध फुटला. "म्हणजे राहिलं तर माणसं नाक मुरडतात, आणि काढायचं म्हटलं तर एकाचाही हात होत नाही. एजंटचा होत नाही, दुकानदाराचा होत नाही, तुझा होत नाही. एकेकाळी आम्हाला हात लावत नव्हते, आता ह्या अक्षरांना हात लावायला घाबरतात. मग ज्याला हात लावायची कोणाची छाती नाही, त्याने गाडीचा भाव उतरतो कसा, ते मला सांग. टॅक्सी चालवलीस ना मुंबईत? सांग!"

तो म्हणाला, "धा हजार कमी करा. मग तसाच ठेवतो."

"दहा हजार वाढव. मग तशीच देते."

त्याने विसाराचे पैसे उचलले, आणि चपला घातल्या. जाताना पाया पडला, तेवढं चुकवलं नाही. पेढे आले नाहीत.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. हॉस्पिटलातून फोन यायचा, तारीख नक्की का म्हणून, आणि मी काहीबाही सांगायचे. जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी. हे न सांगता पुढे होऊन हात द्यायचे, त्याचा मला जास्त राग यायचा. खोटं कशाला सांगू, एका सकाळी खाली जाऊन मी त्या अक्षरांच्या कडांवरून नख फिरवलं, कुठे आपोआप सुटत आलंय का बघायला. सुटलेलं नव्हतं. चांगल्या प्रतीचं लावलं होतं मेल्याने. मी नख मागे घेतलं आणि स्वतःलाच शिव्या घातल्या.

गणपतीच्या तोंडावर तो परत आला. मुंबईचे चाकरमानी वीरला उतरायला लागणार होते, गाडीशिवाय त्याचा हंगाम बुडत होता. दुसऱ्या गाड्या त्याने बघितल्या होत्या. एकीच्या पट्ट्याच्या टोकाला चिखलाची रेघ होती, दुसरीचा मालक खोटं बोलत होता. "तुमचीच बरी," म्हणाला. सगळे पैसे आणले होते, दोन लाख चाळीस, काचेसकट. मी दहा वाढवून मागितले नाहीत, कारण ते मी रागात बोलले होते आणि भाव रागात ठरत नाही. सह्या झाल्या. चावी देताना मी एवढंच म्हटलं, "काढायचं असेल तर दिवसाढवळ्या काढ. भर बाजारात, चार माणसांसमोर. अंधारात नको." तो म्हणाला, "बरा." गाडी वळणावर गेली तोवर मी बघत होते. अक्षरं वाचता येत होती.

ऑपरेशन झालं. वाटी छान बसली. वॉकर घेऊन घरात फिरायला लागले त्या सुमाराला, थंडीत, एका दुपारी तो आला. पिशवीत नाचणीचं पीठ. मी आधी खिडकीपाशी गेले. गाडी दारात होती. काचेवर अक्षरं होती तशीच. मनात म्हटलं, घाबरट, अजून छाती झाली नाही.

तो खुर्चीत बसला, पण टेकून बसला नाही. गाडीचं बोलला, क्लच बदलला म्हणाला. मग म्हणाला, "लग्नाच्या भाड्याला गेलो व्हतो, बाई. गावाचा नाव नाय सांगत."

"नको सांगूस."

"वऱ्हाड उतरला. सगळ्या ड्रायवरांना चा आला. कपात. वाढनारा माज्या गाडीपाशी आला, काच बघितली, तसाच मागं गेला. मला कागदाच्या पेल्यात आणला."

"कप संपले असतील."

"नाय संपले. ट्रेमदी व्हते, मी बघितले. मग येक म्हातारा आला. कुठला तू? म्हटला पोलादपूरचा. पोलादपुरात कुठं? वाडी सांगितली. वाडीत वरच्या आळीचा की खालच्या?"

"मग?"

"सांगितला नाय."

"का? सांगितलं असतंस तर कप मिळाला असता तुला."

"म्हणून तर नाय सांगितला," तो म्हणाला. "माझा डोका फिरला, बाई. सांगायचा आनि मग कप घ्यायचा? पेला तिथंच ठेवला नि गाडीत येऊन बसलो. सांजपर्यंत पानी नाय प्यायलो त्यांचा."

ह्यांनी चहा आणून ठेवला, तिघांचा, आमच्या रोजच्या कपांत. त्याने कप उचलला आणि हातातच धरून ठेवला.

"आमच्या पडवीला, वळचणीला," तो म्हणाला, "येक कप व्हता."

इतक्या वर्षांत ह्या वाक्याला द्यायची उत्तरं माझ्याकडे किती तरी तयार होती. एकेक घासूनपुसून ठेवलेलं. त्यातलं एकही मला सापडलं नाही.

"होता," मी म्हटलं. "कान तुटलेला."

"आयनं तो..."

"त्याचं काय झालं, ते मला नको. होता, एवढं तू तोंडाने बोललास ना? बास. चहा पी, निवतोय."

त्याने चहा प्यायला, कप आत नेऊन मोरीत ठेवायला निघाला, तर मी ओरडले, "ठेव तो खाली!" तो दचकून बसला, आणि मग आम्ही तिघंही हसलो. निघताना मी विचारलं, आता काढणार का रे? तो म्हणाला, "भाडी गेली तं गेली. ऱ्हाऊ दे." आणि गाडी सुरू करून गेला.

मी खिडकीत उभी होते, नव्या गुडघ्यावर, वॉकर बाजूला सारून. हे मागे येऊन उभे राहिले.

"अहो," मी म्हटलं, "आपण गाडी फार स्वस्तात दिली."